फाइल सर्व्हरच्या मेमरीची वाटणी

भिवंडी येथील स्मृती व्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर



माणकोली, काल्हेर, राहनाळ, पूर्णा, वळ, दापोडे. या पट्ट्यातल्या गोदामांत पुढच्या बाजूला पार्टिशन टाकून ऑफिस केलेलं असतं आणि त्या ऑफिसातल्या एखाद्या टेबलाखाली एक कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू असतो. सगळे त्याला ‘सर्व्हर’ म्हणतात. टॅलीचं फोल्डर त्याच्यावर, बिल्ट्यांचे आणि चलनांचे स्कॅन त्याच्यावर, रेटची एक्सेल शीटही त्याच्यावरच. गावातल्या ग्रे कापडाच्या पेढीत किंवा सायझिंगच्या ऑफिसात गेलं तरी चित्र फारसं वेगळं नसतं. संध्याकाळी गाड्या सुटायची वेळ होते, चार टेबलांवरून एकदम बिलं निघायला लागतात आणि स्क्रीनवरचं चक्र फिरत राहतं. मग निदान ठरलेलं असतं: ‘सर्व्हर स्लो झालाय, रॅम टाका.’

रॅम टाकली जाते. कधी फरक पडतो, कधी पैसे जातात आणि चक्र तसंच फिरतं.

आजच्या व्याख्यानाचा विषय या दोन निकालांच्या मधला आहे. फाइल सर्व्हरमधली मेमरी ऑपरेटिंग सिस्टिम कोणाकोणाला वाटते, ती वाटणी पूर्वी कोण करायचं, आज कोण करतं आणि त्यातलं काय अजूनही मालकानेच ठरवायचं असतं, हे यात पाहायचं आहे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या वाटणीतले बहुतेक आकडे माणसाच्या हातून काढून घेतले गेले, आणि ते बरंच झालं. पण दोन निर्णय कुठल्याही ऑपरेटिंग सिस्टिमला परस्पर घेता येत नाहीत. अजून डिस्कवर न पोचलेला किती मजकूर गमवायची तयारी आहे, हा एक. आणि त्याच मशीनवर आणखी कोणाला बसू द्यायचं, हा दुसरा.

डिस्क आणि रॅम यांतलं अंतर

मिनिटाला ७२०० फेरे घेणारी साधी हार्ड डिस्क घ्या. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवा तो मजकूर डोक्याखाली यायला सरासरी ४ मिलिसेकंद. डोकं योग्य जागी सरकायला आणखी आठ-नऊ. दोन्ही धरून एका ठिकाणचा मजकूर उचलायला बारा-तेरा मिलिसेकंद जातात. वेगवेगळ्या जागांवरून वाचायचं असेल तर सेकंदाला सुमारे ऐंशी वाचनं. रॅममधून तेच काम शंभरएक नॅनोसेकंदांत होतं. फरक एक लाखपटीचा आहे. एसएसडी आल्यावर तो कमी झाला, तरी सर्वसाधारण एसएसडीही रॅमच्या हजारपट मागेच राहते.

म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम डिस्कवरून एकदा वाचलेलं लगेच टाकून देत नाही. ते रॅममध्ये ठेवते. पुन्हा कोणी मागितलं तर तिथूनच देते. या जागेला फाइल कॅश म्हणतात. गोदामात रोज उठाव असलेला माल शटरजवळ रचतात आणि वर्षातून एकदा निघणारा मागच्या रॅकवर जातो; कॅशचं काम त्याच धर्तीचं, फक्त माल कोणता कुठे ठेवायचा हे सेकंदाला हजारो वेळा ठरवायचं असतं. कॅश नीट भरलेली असेल तर फाइल सर्व्हरचा वेग डिस्कवर अवलंबून राहत नाही, नेटवर्कच्या केबलवर राहतो. गिगाबिट केबलमधून सेकंदाला जास्तीत जास्त ११० मेगाबाइटच्या आसपास मजकूर जातो. तिथवर पोचलेल्या सर्व्हरमध्ये आणखी रॅम घालून उपयोग नसतो.

रॅमवर हक्क सांगणारे चौघे असतात. पहिले, चालू असलेले प्रोग्राम. दुसरा, कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा: कोण जोडलेलं आहे, कोणती फाइल उघडी आहे, कोणी लॉक केली आहे, याच्या नोंदी तो आपल्या राखीव जागेत ठेवतो. तिसरा, फाइलींमधला मजकूर. चौथा हक्कदार सहसा कोणाच्या लक्षात येत नाही: फाइलींची नावं, फोल्डरांच्या याद्या, कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे याची माहिती. बिल्टीच्या स्कॅनच्या पाच लाख छोट्या फाइली एका फोल्डरात असतील तर हा चौथाच डोईजड होतो.

नोव्हेलच्या काळचं गणित

नव्वदच्या दशकात भारतातल्या बँकांच्या शाखांत, कारखान्यांत आणि कॉलेजांच्या लॅबमध्ये फाइल सर्व्हर म्हणजे नोव्हेलचं नेटवेअर असं समीकरण होतं. ३.११ ही आवृत्ती १९९१ची. तिच्यासाठी मेमरीची वाटणी कागद-पेन्सिल घेऊन करावी लागे आणि त्याचं सूत्र कंपनीच्या मॅन्युअलमध्येच छापलेलं होतं: व्हॉल्यूमचा आकार मेगाबाइटमध्ये घ्या, त्याला ०.०२३ ने गुणा, ब्लॉकच्या किलोबाइटमधल्या आकाराने भागा. ५०० मेगाबाइटची डिस्क आणि ४ किलोबाइटचा ब्लॉक असेल तर उत्तर येतं २.८७५. त्यात खुद्द सिस्टिमसाठी २ मेगाबाइट मिळवायचे. झाले जवळपास पाच. मॅकिंटॉशसारख्या दुसऱ्या पद्धतीची नावं ठेवायची असतील तर ०.०२३ च्या जागी ०.०३२ घ्यायचे, मग डिस्कच्या वाट्याचे २.८७५ चे चार होतात.

हे पाच मेगाबाइट नुसतं दुकान उघडायला. कारण नेटवेअर डिस्कवरच्या वाटपाचा सगळा तक्ता रॅममध्ये आणून ठेवत असे. तेवढी जागा नसेल तर व्हॉल्यूम माउंटच होत नसे. त्याच्या वर जेवढी रॅम उरेल ती सगळी फाइल कॅश. ब्लॉक ८ किलोबाइटचा केला तर तक्ता निम्म्यावर येई, पण मग एक किलोबाइटच्या फाइललाही आठ किलोबाइट डिस्क जाई. रॅम वाचवायची की डिस्क, हे सर्व्हर बसवणाऱ्याने पहिल्याच दिवशी ठरवायचं. नंतर बदलायचं तर व्हॉल्यूम नव्याने करावा लागे.

नेटवेअरमध्ये आणखी एक सेटिंग होतं. एखाद्या यूजरने फाइल सेव्ह केली की मजकूर आधी रॅममध्ये उतरे आणि थोड्या वेळाने डिस्कवर जाई. हा थोडा वेळ किती? ३.३ सेकंद. ०.१ ते १० सेकंदांपर्यंत तो बदलता येई. मॉनिटर नावाच्या पडद्यावर एकूण कॅश बफर आणि अजून न लिहिलेले, म्हणजे ‘डर्टी’ बफर, असे दोन आकडे शेजारी शेजारी दिसत. सर्व्हर सांभाळणाऱ्याला आपली किती सेकंदांची कमाई हवेत आहे हे एका नजरेत कळे. हे ३.३ सेकंद लक्षात ठेवायला हवेत. पुढे त्यांचं काम पडणार आहे.

विंडोजमधली चार बटणं

१९९६ मध्ये विंडोज एनटी ४.० आली आणि सूत्राच्या जागी बटणं आली. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘सर्व्हर’ या सेवेचे चार पर्याय असत: मेमरी कमीत कमी वापर, दोन्हीचा समतोल ठेव, फाइल शेअरिंगला प्राधान्य दे, नेटवर्कवरच्या प्रोग्रामना प्राधान्य दे. पहिला पर्याय दहाएक जोडण्यांसाठी, दुसरा चौसष्टपर्यंत, तिसरा त्याच्या वरच्या कार्यालयांसाठी. तिसरा निवडला की फाइल कॅश पसरे आणि प्रोग्राम डिस्कवरच्या पेज फाइलकडे, म्हणजे रॅममध्ये न मावलेलं ठेवायच्या जागेकडे, ढकलले जात. चौथ्यात उलट. मेमरीची वाटणी म्हणजे ‘हे मशीन कशासाठी घेतलं?’ या प्रश्नाचं उत्तर, ही गोष्ट या चार बटणांनी फार सरळ मांडली.

विंडोज ९५ मध्येही ‘हे मशीन नेटवर्क सर्व्हर म्हणून वापरायचं’ असा पर्याय होता. तो निवडल्यावर ६४ फोल्डरांचे मार्ग आणि २७२९ फाइलींची नावं लक्षात ठेवली जावीत अशी योजना होती. गंमत अशी की या पर्यायामागच्या रजिस्ट्रीतल्या नोंदीच मूळ आवृत्तीत चुकीच्या पडल्या होत्या. पर्याय निवडणाऱ्याला आपण सर्व्हर जोमदार केला असं वाटे, आणि जे वाटे तेवढंच पदरात पडे.

त्याच काळातला एक संदेश अनेकांच्या डोक्याला ताप झाला होता. शेअर केलेलं फोल्डर दुसऱ्या मशीनवरून उघडायला गेलं की विंडोज सांगे: सर्व्हरवर पुरेसं ‘स्टोरेज’ नाही. स्टोरेज म्हटल्यावर कोणीही डिस्कच साफ करणार. जुन्या फाइली उडवल्या जात, रिसायकल बिन रिकामा होई, फोल्डर काही उघडत नसे. खरं कारण डिस्कशी संबंधितच नव्हतं. फाइलची प्रत्येक मागणी ड्रायव्हरांच्या थरांतून खाली उतरते: फाइल सिस्टिम, अँटिव्हायरस, बॅकअपचा फिल्टर, शेवटी डिस्क. प्रत्येक थराला त्या मागणीच्या पाकिटात आपला एक कप्पा लागतो. कप्पे किती ते आयआरपी-स्टॅक-साइझ नावाच्या आकड्याने ठरे. विंडोज २००० आणि एक्सपीत तो मुळात १५ होता. नवा अँटिव्हायरस बसला, थर वाढले आणि कप्पे संपले. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये २०११ क्रमांकाची नोंद पडे. उपाय एवढाच की आकडा १५ चा १८ करायचा, नाही जमलं तर २१. एका कप्प्याला ३६ बाइट लागत. शंभर-दीडशे बाइटांच्या हिशेबापायी अख्ख्या ऑफिसचं काम अडे आणि बिचारी डिस्क साफ होत राही.

३२ बिटांच्या विंडोजला दुसरी भिंत होती. पत्ते ४ जीबीचे. त्यातले २ प्रोग्रामना, २ कर्नलला. मशीनमध्ये रॅम कितीही असो, कर्नलच्या कायम रॅममध्ये राहणाऱ्या राखीव जागेला, म्हणजे नॉन-पेज्ड पूलला, २५६ मेगाबाइटची मर्यादा होती. डेटाबेससारख्या प्रोग्रामला जास्त जागा मिळावी म्हणून काही जण बूटच्या फाइलमध्ये ‘३ जीबी’चा स्विच टाकत. प्रोग्रामला ३ मिळत, कर्नलकडे १ उरे आणि पूल १२८ वर येई. मग त्याच मशीनवरून फाइली देणं अधूनमधून बंद पडू लागे आणि २०१९ क्रमांकाची नोंद दिसे: नॉन-पेज्ड पूल रिकामा. रॅम टाकून ही नोंद जाण्यासारखी नव्हती. स्विच काढूनच जाई.

६४ बिटांची विंडोज आली तेव्हा भिंत पडली, आणि अडचण बरोबर उलट्या बाजूने आली. आता कॅशला आवरणारं कोणी नव्हतं. कोणी मोठमोठ्या फाइली कॉपी करायला घेतल्या की फाइल कॅश सगळी रॅम व्यापे आणि चालू प्रोग्राम पेज फाइलमध्ये जाऊन बसत. मायक्रोसॉफ्टला कॅशवर कमाल मर्यादा घालणारी ‘डायनॅमिक कॅश सर्व्हिस’ वेगळी काढावी लागली. २००९ मधल्या सर्व्हर २००८ आर-टू आणि विंडोज ७ मध्ये कर्नलचा हिशेबच सुधारला आणि त्या सेवेची गरज उरली नाही. तरीही ‘लार्ज सिस्टिम कॅश एक करा’ हा जुना नुस्खा अजून हातोहात फिरतो. आजच्या विंडोजवर तो करून देणाऱ्याला पैसे देण्याचं काही कारण नाही.

मुंबईशी असलेला धागा

वाटणीचा हा प्रश्न फाइल सर्व्हरहून जुना आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा मोठा कॉम्प्युटर आला. त्याची मेमरी ३२ हजार शब्दांची आणि शब्द ४८ बिटांचा. आजच्या मापात १९२ किलोबाइट. देशभरातले शास्त्रज्ञ आपापले प्रोग्राम घेऊन त्याच्याकडे येत. एवढ्या जागेत कोणाला किती वेळ बसवायचं, हा तेव्हा रोजच्या व्यवहाराचा प्रश्न होता.

जगातही तोच काळ या विचाराचा आहे. कोणता मजकूर बाहेर काढला तर कमीत कमी नुकसान होईल, याचं आदर्श उत्तर आयबीएममधल्या लास्लो बेलाडी यांनी १९६६ मध्ये दिलं: ज्याची गरज सर्वांत उशिरा पडणार आहे तो काढा. उत्तर बिनतोड, फक्त त्यासाठी भविष्य माहीत हवं. १९६८ मध्ये पीटर डेनिंग यांनी ‘वर्किंग सेट’ ही कल्पना मांडली. प्रोग्राम नुकतंच जे जे हाताळत होता ते सगळं रॅममध्ये मावायला हवं. मावलं नाही तर मशीन काम सोडून नुसती ने-आण करत राहतं. पवईच्या आयआयटीत शिकवलेल्या धनंजय ढमढेरे यांच्या ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या पाठ्यपुस्तकातून इंजिनिअरिंगच्या अनेक विद्यार्थ्यांनी हा भाग गिरवला आहे.

त्याच पवईतून १९९० मध्ये बी.टेक. झालेले धर्मेंद्र मोधा पुढे आयबीएमच्या कॅलिफोर्नियातल्या अल्माडेन प्रयोगशाळेत गेले. २००३ मध्ये निम्रॉड मेगिडो यांच्याबरोबर त्यांनी एआरसी ही पद्धत मांडली. फाइल सर्व्हरच्या एका जुन्या दुखण्यावर ती नेमकी बसते.

दुखणं असं. रात्री बॅकअप चालतो. तो डिस्कवरची प्रत्येक फाइल एकदा वाचतो आणि परत तिच्याकडे फिरकत नाही. ‘सर्वांत अलीकडे वापरलेलं ठेवा, जुनं काढा’ एवढाच नियम असेल तर पहाटेपर्यंत कॅशमध्ये तीन वर्षांपूर्वीचे स्कॅन भरलेले असतात आणि टॅलीच्या चालू वर्षाच्या फाइली बाहेर गेलेल्या असतात. सकाळी दहाला ऑफिस उघडतं आणि पहिला अर्धा-पाऊण तास सगळं रखडतं. अकराला आपोआप सुधारतं, त्यामुळे तक्रारही कोणी नेट लावून करत नाही.

एआरसी दोन याद्या ठेवते: एकदाच मागितलेलं एकीत, दोनदा किंवा जास्त वेळा मागितलेलं दुसरीत. शिवाय नुकतंच बाहेर काढलेल्यांची फक्त नावं आणखी दोन याद्यांत. काढलेलं नाव लगेच परत मागितलं गेलं, तर आपण चुकीच्या यादीला जागा कमी दिली हे तिला कळतं आणि ती सीमा सरकवते. बॅकअपने एकदाच वाचलेल्या फाइली पहिल्या यादीतून येतात आणि तिथूनच जातात. रोज लागणाऱ्यांना फारसा धक्का लागत नाही. सन कंपनीच्या झेडएफएस या फाइल सिस्टिमने ही पद्धत थोड्या बदलाने उचलली. पोस्टग्रेस डेटाबेसनेही २००५ च्या ८.० आवृत्तीत घेतली होती, पण आयबीएमच्या पेटंटची अडचण दिसताच ८.०.२ मध्ये काढून टाकली. लिनक्सनेही पुढे बाहेर काढलेल्या पानांची आठवण ठेवायला सुरुवात केली, २०१४ च्या ३.१५ कर्नलपासून.

कॅशमध्ये काय ठेवायचं हा निर्णय माणसाकडून गेला तो असा. आता तो मागून घेण्यात अर्थ नाही. बॅकअपला मात्र शिस्त लावता येते. विंडोजच्या रोबोकॉपीला ‘जे’ हा पर्याय दिला की मोठ्या फाइली कॅशमध्ये न शिरता परस्पर कॉपी होतात. सकाळचा रखडलेला पाऊण तास कधी कधी एवढ्या एका अक्षराने सुटतो.

लाइट गेली तर

आता न लिहिलेल्या मजकुराकडे. भिवंडीत हा भाग कोणाला पटवून द्यावा लागू नये. लाखो यंत्रमागांच्या या गावाने भारनियमनाचे दिवस काढले आहेत. २६ जानेवारी २००७ पासून वीज वितरण महावितरणकडून टोरंट पॉवरकडे फ्रँचाइझी म्हणून गेलं. देशातला तो पहिलाच मोठा प्रयोग. तेव्हापासून परिस्थिती बदलली, पण ट्रिपिंग हा शब्द काही शब्दकोशातून गेला नाही.

लिनक्सवर चालणाऱ्या फाइल सर्व्हरमध्ये, मग तो असेंबल केलेला असो वा ‘नॅस बॉक्स’ या नावाने बाजारातून तयार आणलेला, दोन आकडे महत्त्वाचे आहेत. ‘डर्टी बॅकग्राउंड रेशो’ मुळात १० आणि ‘डर्टी रेशो’ २०. उपलब्ध मेमरीच्या १० टक्के मजकूर न लिहिलेला साचला की कर्नल मागच्या मागे डिस्कवर लिहायला लागतो. २० टक्के झाला की फाइल सेव्ह करणाऱ्यालाच थांबवून आधी लिहून घेतो. याखेरीज ३० सेकंदांहून जुना मजकूर लिहायला काढायचा, असा नियम.

मर्यादा टक्क्यांत ठेवायची पद्धत पडली तेव्हा रॅम मेगाबाइटमध्ये मोजली जात होती. आज ६४ जीबीच्या मशीनवर ५० जीबी उपलब्ध असेल तर २० टक्के म्हणजे १० जीबी. हार्ड डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइट सरळ लिहू शकते असं धरलं तरी एवढं उतरवायला मिनिटाहून जास्त लागतं. फाइली विखुरलेल्या असतील तर कितीतरी जास्त. म्हणजे अधिक रॅम टाकल्यावर दोन गोष्टी एकदम होतात: टांगणीला लागलेला मजकूर वाढतो, आणि मर्यादा गाठली की चारही टेबलं एकाच वेळी गोठतात. रॅम वाढवल्यावर सर्व्हर मध्येच अडकायला लागला, ही तक्रार वेडगळ वाटते, पण तिचं कारण इथे असू शकतं. मोठ्या मशीनवर टक्के सोडून थेट बाइटांत मर्यादा घालावी. त्यासाठी ‘डर्टी बाइट्स’ आणि ‘डर्टी बॅकग्राउंड बाइट्स’ ही सेटिंगं आहेत. यूपीएस किती मिनिटं तग धरतो, तो सर्व्हरला बंद होण्याचा निरोप देतो का आणि डिस्क सेकंदाला किती लिहिते, या तीन गोष्टी पाहून आकडा काढायचा. नेटवेअरचे ३.३ सेकंद आणि लिनक्सचे ३० सेकंद शेजारी ठेवले की आपण कुठून कुठे आलो ते दिसतं.

विंडोजचा कर्नल दर सेकंदाला साचलेल्या मजकुराचा साधारण आठवा हिस्सा डिस्ककडे पाठवतो. तिथे धोका वेगळ्या ठिकाणी आहे. डिस्कच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘राइट-कॅश बफर फ्लशिंग बंद करा’ अशी एक चौकट असते. तिच्यावर टिक केली की कॉपीचा वेग छान दिसतो, आणि लाइट गेली की डिस्कच्या पोटात राहिलेला मजकूर गेला. स्वतंत्र बॅटरीची सोय नसेल तर त्या चौकटीला हात लावू नये, हे खुद्द तिथेच लिहिलेलं असतं.

लिनक्सवरून विंडोजच्या मशीनना फाइली देणारा प्रोग्राम म्हणजे सांबा. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ मध्ये त्याची सुरुवात केली. त्याच्या इतिहासातला एक तपशील सांगण्याजोगा आहे. क्लायंटने ‘हे आता डिस्कवर नक्की लिहा’ अशी विनंती केली, तर कितीतरी वर्षं सांबा मुळातल्या सेटिंगवर नुसतं ‘हो’ म्हणत असे आणि मजकूर रॅममध्येच राही. वेगासाठी केलेली ही तडजोड होती. २०१७ च्या ४.७ आवृत्तीपासून ‘स्ट्रिक्ट सिंक’ मुळातच चालू ठेवायला सुरुवात झाली. जुना नॅस बॉक्स वापरणाऱ्याने त्यातला सांबा कोणत्या आवृत्तीचा आहे ते पाहावं.

मजकूर फक्त सर्व्हरच्या रॅममध्ये साचतो असंही नाही. एखादी फाइल एकाच टेबलावर उघडी असेल तर सर्व्हर त्या मशीनला तिची प्रत स्वतःकडे राखायची परवानगी देतो. दुसऱ्या कोणी तीच फाइल मागितली की ती परवानगी परत घेतो. याला ऑपलॉक म्हणतात. वर्ड-एक्सेलला ते उत्तम. पण चौघे एकाच वेळी लिहितात अशा डेटाबेससारख्या फाइलींसाठी ऑपलॉक बंद ठेवायचा विचार करावा, असं सांबाचं मॅन्युअलच सुचवतं. हिशेबाचा डेटा एका शेअरवर आणि बाकी कागदपत्रं दुसऱ्या शेअरवर ठेवली तर हे सोपं जातं. एकाच ‘डी’ ड्राइव्हवर सगळं टाकलं तर एकाला औषध द्यायला गेलं की दुसऱ्याला बाधतं.

त्याच मशीनवर आणखी कोण

छोट्या ऑफिसात सर्व्हर एकटा नसतो. त्याच्यावर एखादं बिलिंग सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेससह बसवलेलं असतं. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग तिथेच. मग कोणीतरी व्हर्च्युअल मशीनही टाकतं.

एसक्यूएल सर्व्हरची कमाल मेमरी मुळात २१४७४८३६४७ मेगाबाइट ठेवलेली असते. हा आकडा सुमारे दोन पेटाबाइटचा होतो. थोडक्यात, मर्यादाच नाही: मिळेल तेवढी रॅम तो स्वतःसाठी घेतो आणि विंडोजने तगादा लावल्यावरच थोडी सोडतो. त्याची महागडी आवृत्ती १६ जीबीच्या मशीनवर असेल आणि हा आकडा कोणी बदललेला नसेल, तर फाइल कॅशला उरतं ते उरलंसुरलं. झेडएफएसची कॅशही लिनक्सवर बराच काळ मुळातच निम्म्या रॅमवर हक्क सांगत आली. व्हर्च्युअल मशीन त्याच बॉक्सवर चालवायची असतील तर तिलाही कमाल मर्यादा नेमून द्यावी लागते. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग आणखी वेगळं. ते चोवीस तास लिहितं आणि त्यातलं बहुतेक कोणी पुन्हा पाहत नाही. त्याला वेगळी डिस्क आणि जमल्यास वेगळं मशीन द्यावं. पाच-सात वर्षं जुना कॉम्प्युटरही त्याला पुरतो.

कोणत्या कामाने थांबलेलं चालेल आणि कोणत्याने नाही, हे ऑपरेटिंग सिस्टिमला कुठून कळणार? तिच्या लेखी चलन छापणारा प्रोग्राम आणि पार्किंगकडे बघणारा कॅमेरा सारखेच.

पाहायचं काय

समजा ३२ जीबीचा लिनक्स सर्व्हर आहे आणि संध्याकाळी पाचला ‘फ्री’ ही आज्ञा दिली. एकूण ३१, वापरात ४, मोकळी ०.५, बफर-कॅश २६.५, उपलब्ध २६. मोकळी अर्धा जीबी पाहून घाबरणारे पुष्कळ. प्रत्यक्षात हा तंदुरुस्त सर्व्हर आहे. साडेसव्वीस जीबी कॅश म्हणजे रॅम कामाला लागलेली आहे, आणि मागितली तर त्यातली बहुतेक ताबडतोब मोकळी करता येते, हे ‘उपलब्ध’चा रकाना सांगतो. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘कॅश्ड’ आणि ‘अव्हेलेबल’ हे आकडे याच अर्थाने वाचायचे. नॉन-पेज्ड पूलचा आकडाही तिथेच असतो. तो दिवसागणिक चढत राहिला तर एखादा ड्रायव्हर मेमरी परत करत नाही असं समजावं. स्कॅनच्या लाखो फाइली असतील तर मायक्रोसॉफ्टचं रॅममॅप हे फुकट साधन उघडून ‘मेटाफाइल’ची ओळ पाहावी. चौथा हक्कदार किती जागा अडवून बसलाय ते तिथे दिसतं. त्यावर वर्षवार आणि महिनावार फोल्डर करणं हा रॅम घेण्याइतकाच चांगला उपाय ठरतो.

रॅम खरोखर कमी पडते तेव्हा खुणा वेगळ्या असतात: ‘उपलब्ध’ आकडा तळाला, स्वॅप किंवा पेज फाइलची सतत ये-जा, आणि नुकतंच बाहेर काढलेलं पुन्हा पुन्हा वाचलं जाणं. लिनक्सच्या ४.२० कर्नलपासून मेमरीच्या टंचाईमुळे कामं किती टक्के वेळ खोळंबली, हेही थेट मोजून मिळतं. या खुणा दिसल्या तर खुशाल रॅम टाकावी. त्या नसतील तर आधी डिस्क, केबल, स्विच आणि अँटिव्हायरसकडे जावं.

मोजणी केव्हा करायची, हेही ठरवून घ्यावं. रविवारी रिकाम्या ऑफिसात घेतलेल्या आकड्यांवरून काही कळत नाही. जीएसटीआर-१ ची मुदत दर महिन्याची ११ तारीख, ३बी ची २०. ज्यांची रिटर्न दरमहा जातात त्यांनी १० आणि १९ तारखेला दुपारनंतर हे आकडे लिहून घ्यावेत: उपलब्ध मेमरी, न लिहिलेला मजकूर, डिस्क किती टक्के व्यग्र. मग शांत दिवशी एकच सेटिंग बदलावं, जुनी किंमत आणि तारीख लिहून ठेवावी, आणि पुढच्या महिन्याच्या १० तारखेला तेच आकडे पुन्हा घ्यावेत. कॉम्प्युटरवाला बदलला तरी हे पान ऑफिसातच राहील याची काळजी मालकाने घ्यावी. यूपीएसची बॅटरी केव्हा बदलली ही नोंदही त्याच पानावर असू द्यावी, कारण ‘डर्टी बाइट्स’चा आकडा तिच्याच भरवशावर ठरवलेला असतो.